कुंडीतली जिवंत माती: आधी माती, मग कंपोस्ट टी

गॅलरीत टोमॅटो लावणाऱ्यांची एक ठरलेली तक्रार असते. पहिल्या वर्षी रोप जोमाने वाढतं, दुसऱ्या वर्षी त्याच कुंडीत खुरटतं, आणि तिसऱ्या वर्षी माती इतकी टणक होते की पाणी मुरण्याऐवजी कडेने खाली निघून जातं. मग ती माती फेकायची आणि नवी आणायची. जिवंत मातीच्या पद्धतीत हे चक्र उलटं फिरतं. एकदा नीट केलेली माती वर्षानुवर्षं तीच राहते आणि दर हंगामाला थोडी सुधारते. त्यासाठी मातीतल्या जिवांना पोसायचं. रोपाचं पोषण ते जीव करतात.

कुंडीच्या मापात ही पद्धत बसवण्याचं बरंचसं काम अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर घरात दिव्याखाली गांजा पिकवणाऱ्यांनी केलं. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने विनापरवाना गांजा लावणं गुन्हा आहे, तेव्हा ते पीक बाजूला ठेवू. मातीचं गणित मात्र टोमॅटो, मिरची, वांग्यालाही लागू पडतं. आणि मुळात हा विचार आपल्याला परका नाही. शेतीतले प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळा, शेण आणि गुळाच्या पाण्यातून ‘अमृत मिट्टी’ करायला शिकवली, आणि त्याच धर्तीवर मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर भाजीपाला आणि फळझाडं उभी राहिली.

मुळाशी काय चालतं

मुळं फक्त शोषून घेतात असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात पानांत तयार झालेल्या साखरेचा काही भाग रोप मुळांवाटे मातीत सोडतं. त्या साखरेवर जिवाणू आणि बुरशी वाढतात. मुळाला लगटून असलेल्या या गजबजलेल्या पातळ थराला जर्मन शास्त्रज्ञ लोरेन्झ हिल्टनर यांनी १९०४ मध्ये ‘रायझोस्फिअर’ हे नाव दिलं.

जिवाणू कुजलेल्या पदार्थातला नत्र (नायट्रोजन) स्वतःच्या शरीरात बांधून ठेवतात, त्यामुळे नुसत्या जिवाणूंचा रोपाला उपयोग कमी. त्यांना खाणारे प्रोटोझोआ (एकपेशीय जीव) आणि काही सूत्रकृमी (दोऱ्यासारखे सूक्ष्म कृमी) आले की गाडी पुढे सरकते. जिवाणूच्या शरीरात जितका नत्र असतो तितका खाणाऱ्याला लागत नाही. उरलेला अमोनियमच्या रूपात बाहेर पडतो, तोही नेमका मुळाच्या तोंडाशी. म्हणजे मातीत खाणारे आणि खाल्ले जाणारे दोन्ही हवेत, आणि त्यांना राहायला हवा खेळणारी, ओलसर जागा हवी. बाजारातल्या ‘जिवाणू खताच्या’ बाटलीने हे सगळं एका फवाऱ्यात उभं राहत नाही.

मायकोरायझा बुरशीबद्दल एक बारकावा बहुतेक विक्रेते सांगत नाहीत. ही बुरशी मुळात शिरून दूरवरचं स्फुरद (फॉस्फरस) आणून देते, पण सगळ्या पिकांना नाही. कोबी, फ्लॉवर, मुळा, मोहरी तिला दारात उभं करत नाहीत. पालक, बीट आणि माठाचं कुळही नाही. टोमॅटो, मिरची, वांगी, कांदा, वेलभाज्या यांच्याशी तिचं जमतं. तिची बाजारात मिळणारी पूड रोप लावताना थेट मुळांना लागेल अशी टाकायची. वरून भुरभुरवली किंवा कंपोस्ट टीमध्ये, म्हणजे कंपोस्ट पाण्यात मुरवून केलेल्या अर्कात, टाकली तर पैसे वाया, कारण तिच्या बीजाणूंना रुजायला जिवंत मूळ लागतं. मातीत स्फुरद भरपूर असेल तर रोपच तिला फारसं जवळ करत नाही, म्हणून बोनमिल (हाडांचा चुरा) सढळ हाताने घालू नये.

१०० लिटर मातीची कृती

सगळी मापं घनफळात आहेत. एक जुनी २० लिटरची बादली माप म्हणून पुरते.

भिजवून फुलवलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) ३५ लिटर. त्याची पाच किलोची दाबलेली वीट फुलून साधारण ६० ते ७५ लिटर होते, म्हणजे अर्धी वीट लागेल. स्वस्त कोकोपीटमध्ये मीठ असतं. दोन-तीन पाण्यांतून धुऊन पिळून घ्या. हा टप्पा गाळला तर पहिल्याच महिन्यात पानांच्या कडा करपतात आणि दोष उन्हाला दिला जातो.

गांडूळखत किंवा पूर्ण कुजलेलं कंपोस्ट ३० लिटर. सगळा डोलारा यावर उभा आहे, तेव्हा पैसे वाचवायचे असतील तर इतर कुठेही वाचवा. त्याची परीक्षा पुढे आहे.

हवेसाठी ३० लिटर: निम्मं भाताचं तूस, निम्मे विटांचे पाच ते दहा मिलिमीटरचे तुकडे किंवा परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे दाणे). तूस मावळ-कोकणात सहज मिळतं, पण ते वर्ष-दीड वर्षात कुजून बसतं. विटांचे तुकडे टिकतात. दोन्ही घ्यायचं कारण हेच. नुसती वीट जड होते, नुसतं तूस पुढच्या वर्षी गायब होतं.

उरलेली पाच लिटर बागेतली लाल माती. थोडी चिकणमाती अन्नद्रव्यं धरून ठेवते आणि स्थानिक जीवही आणते. काळी माती कुंडीत टाळावी. ती ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते आणि कुंडीच्या कडेपासून सुटते. शेतात जी ताकद आहे तीच कुंडीत अडचण ठरते.

यात निंबोळी पेंड ३०० ग्रॅम, बोनमिल २०० ग्रॅम, जिप्सम १०० ग्रॅम आणि बेसाल्टची भुकटी एक किलो. परदेशात ही भुकटी पिशव्यांत भरून चढ्या भावाने विकली जाते. आपण दख्खनच्या काळ्या पाषाणावरच बसलोय. जिथे खडी काळ्या दगडाची आहे तिथल्या क्रशरवरची बारीक भुकटी चालते. फक्त सिमेंट मिसळलेली घेऊ नका. घरात बोनमिल चालत नसेल तर गांडूळखत पाच लिटर वाढवा. रॉक फॉस्फेट आपल्या उदासीन ते अल्कधर्मी मातीत फारच हळू विरघळतं, त्याच्यावर भिस्त ठेवण्यात अर्थ नाही. शेंगदाण्याची पेंडही उत्तम नत्र देते, पण गच्चीवर उंदीर आणि मुंग्या बोलावते.

लाकडी कोळशाची पूड घालायची असेल तर तीन ते पाच लिटरपर्यंत घाला, मात्र आधी ती गांडूळखताच्या पाण्यात दोन आठवडे भिजत ठेवा. कोरडा कोळसा मातीतली अन्नद्रव्यं स्वतःत ओढून बसतो आणि रोप उपाशी राहतं.

सगळं ताडपत्रीवर एकत्र करा, पाणी शिंपडत कालवा. मूठभर घट्ट दाबल्यावर एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर जास्त झालं. ढीग गोणपाटाने झाकून सावलीत तीन ते चार आठवडे ठेवा आणि आठवड्यातून एकदा उलथापालथ करा. पेंड कुजू लागली की ढीग आतून तापतो. या काळात अमोनियाचा उग्र वास येऊ शकतो. तो पूर्ण जाऊन पावसानंतरच्या रानासारखा वास येईपर्यंत रोप लावायचं नाही. घाई केलेल्या मातीत रोपं दोन दिवसांत कोमेजतात, मुळांची टोकं तपकिरी होतात. मे महिन्यात ढीग लावला तर मृगापर्यंत माती तयार होते.

कंपोस्टची परीक्षा हळिवाने

नर्सरीत ‘शेणखत’ म्हणून मिळणाऱ्या गोणीत अनेकदा अर्धवट कुजलेलं शेण, तणांचं बी आणि हुमणीच्या अळ्या असतात. हुमणी ओळखायला सोपी: पांढरी, जाड, इंग्रजी ‘सी’सारखी वळलेली, डोकं तपकिरी. ती मुळं खाते आणि वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी कमी पडलं. गोणी पसरून चाळून घ्या, हाताने वेचा.

कंपोस्ट पक्व आहे का हे कळायला घरातलं हळीव पुरतं. दोन बशा घ्या. एकीत ओला कापूस, दुसरीत ओलं कंपोस्ट. दोन्हींत दहा-दहा बिया. हळीव दोन-तीन दिवसांत रुजतं. कापसावर नऊ-दहा आणि कंपोस्टवर पाच-सहाच रुजल्या, किंवा मुळं आखूड, पिवळट दिसली तर कंपोस्ट कच्चं आहे. आणखी महिनाभर झाकून ठेवा. दुसरी खूण: ओलसर कंपोस्ट हवाबंद पिशवीत तीन दिवस ठेवा, उघडल्यावर आंबट वास आला तर तेच उत्तर.

कुंडी, वजन, पाणी

जिवंत मातीला आकारमान लागतं. आठ-दहा लिटरच्या कुंडीत ओल आणि तापमान इतकं वरखाली होतं की जीव टिकत नाहीत. टोमॅटोच्या एका रोपाला किमान २० लिटर, आणि जागा असेल तर ४० ते ६० लिटरच्या ग्रो बॅगेत दोन रोपं हे जास्त बरं. ६० लिटरची ओली बॅग ४०-५० किलोच्या घरात जाते, म्हणजे दहा बॅगा म्हणजे जवळपास अर्धा टन. त्या गॅलरीच्या मोकळ्या कडेला रांगेने मांडू नका. भिंतीच्या बाजूने, शक्यतो तुळईवर पसरून ठेवा, आणि गच्चीवर मोठा पसारा करायचा असेल तर आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारा. खाली विटा ठेवून बॅग उचलून घ्या. ताटलीत साचलेल्या पाण्यात बुडलेली माती तळातून सडते, आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात ते वेगळंच.

वरून पाच-सात सेंटिमीटर पालापाचोळा किंवा उसाचं पाचट. आच्छादनाशिवाय ही पद्धत चालत नाही. एप्रिलच्या उन्हात उघड्या मातीचा वरचा थर मरतो आणि पावसाळ्यात थेट सरींनी अन्नद्रव्यं धुऊन जातात. काळ्या ग्रो बॅगा उन्हाळ्यात कडेने फार तापतात. बाहेरून पांढरं कापड गुंडाळा.

पाणी रोज ठरावीक देण्याची सवय मोडा. बोट आच्छादनाखाली दोन पेरं खाली घाला. ओल लागली तर आज पाणी नाही. द्यायचं तेव्हा मातीच्या साधारण एक दशांश: २० लिटरच्या बॅगेला दोन लिटर, तेही दोन हप्त्यांत, दहा मिनिटांच्या अंतराने. टोमॅटोच्या बुडाशी काळा, चामड्यासारखा डाग पडतो तेव्हा लोक अंड्याची टरफलं घालतात. टरफल विरघळायला महिनोन् महिने लागतात, आणि बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतंच. ते पाण्याबरोबर फळापर्यंत जातं. एक दिवस कोरडं, एक दिवस चिखल अशा पाण्याने ती वाहतूक तुटते. पाणी सारखं करा, पुढची फळं चांगली येतात.

नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनची भीती थोडी वाजवीपेक्षा जास्त आहे. रोजच्या पाण्यातल्या क्लोरीनला मातीतला सेंद्रिय पदार्थ लगेच निष्प्रभ करतो. कंपोस्ट टीसाठी मात्र पाणी उघड्या बादलीत २४ तास ठेवा. परदेशात राहणाऱ्यांनी एक गोष्ट तपासावी: काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन वापरतात, सॅन फ्रान्सिस्कोत २००४ पासून तेच आहे, आणि ते नुसतं उघडं ठेवून उडत नाही. तिथे चिमूटभर व्हिटॅमिन सीची पूड पाण्यात ढवळावी.

ऊन चार तासांपेक्षा कमी असेल तर टोमॅटोला दिवा लागतोच. साठ बाय साठ सेंटिमीटरच्या जागेला १०० वॉटचा चांगला पांढरा एलईडी पॅनल, दिवसाला १४ ते १६ तास. चोवीस तास लावू नका. सततच्या प्रकाशात टोमॅटोची पानं पिवळी पडतात. बंद खोलीत वारा नसतो, म्हणून फुलोरा आल्यावर दुपारी देठाला टिचक्या मारा, नाहीतर फुलं गळतात.

कंपोस्ट टी: कशासाठी, किती, कधी नको

आमचं मत आधीच सांगून टाकतो: या सगळ्या पद्धतीत कंपोस्ट टी हा सर्वांत कमी महत्त्वाचा भाग आहे आणि त्याचीच सर्वांत जास्त चर्चा होते. तिच्याने रोग हटतात, उत्पन्न वाढतं या दाव्यांवर संशोधनाचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या लिंडा चाकर-स्कॉट यांच्यासारख्या उद्यानतज्ज्ञांनी त्यावर उघड शंका घेतली आहे. नव्या, अजून न जमलेल्या मातीला किंवा नुकत्याच पुनर्लावणी केलेल्या रोपांना ती थोडा हात देते. कच्च्या कंपोस्टची टी म्हणजे कच्चेपणाच पातळ करून पाजणं.

तरी करायची तर नीट करावी. २० लिटरच्या बादलीत १५ लिटर पाणी, वर फेसाला जागा. पाऊण ते एक लिटर गांडूळखत सैल विणीच्या कापडात बांधून पाण्यात लटकवा. दाट मलमल नको, तिच्यातून बुरशीचे धागे बाहेर येत नाहीत. भाजीची जाळीदार पिशवी बरी. काकवी एक टेबलस्पून, त्याहून जास्त नाही. एअर पंप मिनिटाला सात ते दहा लिटर हवा देणारा हवा. माशांच्या छोट्या टाकीचा पंप कमी पडतो. पाणी नुसतं बुडबुडून उपयोग नाही, उकळी आल्यासारखं खालीवर फिरलं पाहिजे. पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेवा, नाहीतर वीज गेली की पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं.

हिवाळ्यात, पाणी २० ते २५ अंशांच्या आसपास असताना २४ तास. उन्हाळ्यात १२ ते १८ तासांतच संपवा. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, २० अंशांना लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम तर ३० अंशांना साडेसातच्या आसपास, आणि जिवाणू मात्र उन्हाळ्यात दुप्पट वेगाने तो खातात. काकवीवर पोसलेले जिवाणू भरात असताना वीज तासभर गेली तर टी फुकट गेली असं समजा आणि कंपोस्टच्या ढिगावर ओता. फेस आला म्हणजे जमली, हा गैरसमज आहे. फेस काकवी आणि प्रथिनांमुळेही येतो. नाकावर विश्वास ठेवा. मातीचा, किंचित गोडसर वास ठीक. आंबट किंवा गटाराचा वास आला तर ओतून द्या. पंप काढल्यावर चार तासांच्या आत वापरा. बाटलीत भरून ठेवलेली टी टिकत नाही. नंतर बादली, नळ्या, एअर स्टोन (नळीच्या टोकाचा बुडबुडे सोडणारा दगड) लगेच घासा. आत धरलेला बुळबुळीत थर पुढची खेप नासवतो.

तेवढंच पाणी मिसळून २० लिटरच्या बॅगेला अर्धा ते एक लिटर, महिन्यातून एकदा. एवढंच.

कोथिंबीर, लेट्युस, पुदिना असं कच्चं खायच्या भाज्यांवर ती फवारू नका. गूळ-काकवीवर चांगल्या जिवाणूंबरोबर ई. कोलायही वाढू शकतो; अमेरिकेच्या राष्ट्रीय सेंद्रिय मानक मंडळाच्या कृतिगटाने २००४ मध्ये नेमका हाच धोका नोंदवला होता. तिथल्या सेंद्रिय नियमांत कच्चं शेण घातल्यावर काढणीपर्यंत ९० दिवस, आणि भाजीचा खायचा भाग मातीला लागत असेल तर १२० दिवस थांबावं लागतं. जीवामृत आवडणाऱ्यांनीही हा हिशेब लक्षात ठेवावा. नैसर्गिक शेतीचा प्रसार करणाऱ्या विदर्भातल्या सुभाष पाळेकरांचं जीवामृताचं प्रमाण एकराला २०० लिटर पाणी, १० किलो ताजं शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती असं आहे. ते शेतासाठी आहे. कुंडीत द्यायचंच तर दहापट पाण्यात, फळभाज्यांच्या फक्त मुळाशी.

पंप-बिंप नको असेल तर सोपा मार्ग आहे. लिटरभर गांडूळखत दहा लिटर पाण्यात हाताने पाच मिनिटं कालवा आणि गाळासकट मातीत ओता. वीज नाही, गूळ नाही, वाट पाहणं नाही, आणि टीचा बहुतेक फायदा यात मिळतो.

बिघडतं तेव्हा

बारीक काळ्या माशा कुंडीभोवती घोंगावतात, विशेषतः घरात. या फंगस नॅटच्या अळ्या ओल्या वरच्या थरात राहतात आणि कोवळी मुळं कुरतडतात. दोन-तीन सेंटिमीटर माती वाळू द्या, पिवळे चिकट सापळे मातीलगत आडवे ठेवा, वर सेंटिमीटरभर जाडसर वाळू पसरा. प्रादुर्भाव जास्त असेल तर बीटीआय हे जिवाणू कीटकनाशक पाण्यातून द्या. ते नेमकं अशा अळ्यांवर चालतं. आच्छादनाखाली उड्या मारणारे पांढरे कण किंवा तुरुतुरु पळणारे बारीक कोळीजीव दिसले तर त्यांना हात लावू नका. ते कुजवणाऱ्यांपैकी आहेत.

नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या राहिल्या तर लोह कमी आहे असं वाटतं. लोह बहुतेक वेळा असतं, पण बोअरवेलच्या जड पाण्याने मातीचा सामू (पीएच) चढल्यामुळे ते अडकतं. पावसाचं पाणी साठवून द्या आणि राख घालणं बंद करा; आपल्याकडे चुलीची राख कुंडीत टाकायची जुनी सवय आहे आणि ती सामू आणखी वर नेते. जुनी, खालची पानं सगळीच फिकट होत असतील तर नत्र कमी आहे: बॅगेमागे मूठभर निंबोळी पेंड आच्छादनाखाली मिसळा, फरक दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. घाईने १९:१९:१९ हे रासायनिक खत पाण्यातून दिलं तर जीव मरतात असं सांगितलं जातं. एका वेळेने तसं होत नाही. पण विरघळलेलं स्फुरद वारंवार मिळालं की रोप मायकोरायझाला साखर देणं कमी करतं, आणि पद्धतीचा पाया हळूहळू सुटतो.

हंगाम संपल्यावर

रोप उपटू नका. खोड मातीलगत कापा, मुळं आतच राहू द्या. ती कुजली की त्यांच्या जागी हवा-पाण्याच्या वाटा उरतात. वर दोन-तीन सेंटिमीटर गांडूळखत, २० लिटरच्या बॅगेला मूठभर निंबोळी पेंड, मग पुन्हा आच्छादन. दोन आठवडे ओलसर ठेवून पुढचं पीक लावा. मधल्या काळात मेथी किंवा चवळी दाट पेरून फुलायच्या आत कापून तिथेच पसरली तर आणखी चांगलं.

एकच खबरदारी. कापलेल्या टोमॅटोच्या मुळाचा एक तुकडा खणून बघा. त्यावर माळेच्या मण्यांसारख्या गाठी असतील तर ते मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी आहेत. अशा वेळी मुळं आत ठेवायची नाहीत, सगळी काढून कचऱ्यात टाकायची, कंपोस्टमध्ये नाही. त्या बॅगेत पुढचे तीन-चार महिने झेंडू दाट लावा. झेंडूची मुळं या सूत्रकृमींना रोखतात. त्यानंतरही लगेच टोमॅटो, वांगी, मिरची, भेंडी नको. कांदा किंवा लसूण घ्या, आणि टोमॅटो त्याच्या पुढच्या हंगामाला.